बिनसहीचं वकीलपत्र

पिंप्राळा, जळगाव
११ नोव्हेंबर २०२४

प्रशील,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच फेकणार नाहीस, एवढ्या भरवशावर लिहिते आहे. माझा फोन तू तीन वर्षांपूर्वी ब्लॉक केलास. भुसावळला येऊन तुझ्या रेल्वे क्वार्टरच्या दारात उभी राहू शकते, पण मग शेजारपाजारच्या खिडक्या उघडतील, आणि आपल्या दोघांपैकी एकाचाही आवाज बारीक नाही. म्हणून पोस्ट.

ख्यालीखुशाली विचारत नाही. कामाचं सांगते. शिंदखेड्याहून रजिस्टर पोस्टाने नोटीस आली आहे, रविंद्रची. साडेअकरा वर्षांत या माणसाने भाविकाच्या एका वाढदिवसाला फोन केला नाही. आता धुळ्याच्या वकिलामार्फत कळवतो आहे की १९ मे २०१३ च्या फारकतीप्रमाणे मुलगी दहावीपर्यंत आईकडे आणि दहावीनंतर वडिलांच्या ताब्यात, असं उभयतांत ठरलेलं आहे, तरी परीक्षा संपताच ३१ मार्चपर्यंत मुलगी शिंदखेड्यास आणून सोडावी. आणून सोडावी, म्हणे. जसं काही पार्सल आहे.

आधारनानांचाही फोन आला. तेव्हाच्या पाच पंचांपैकी आता तेवढेच उरलेत. मी विचारलं, नाना, इतक्या वर्षांनी पोरगी का आठवली? म्हातारा साधा आहे, पोटातलं ओठावर आलं. म्हणाले, "सविता, पोरगीले आंगे ठेइसन काय करशी? चांगलं स्थळ शे. दोन वरीसमा हात पिवळा करी टाकसूत." म्हणजे पोरगी अजून पंधराची पुरी नाही आणि यांनी मांडवाची जागा बघून ठेवली. मी फोन ठेवला. जे बोलायचं होतं ते नानांच्या वयाकडे बघून बोलवलं नाही.

नोटिशीसोबत फारकतीच्या झेरॉक्सची झेरॉक्स आहे, सगळं काळं. आपल्याकडची मूळ प्रत आबांच्या पत्र्याच्या पेटीत होती. आबा गेल्यावर मुलगा म्हणून पेटी तू नेलीस. तो कागद मला पाठव. वकील शोधायचा आहे आणि कागदाशिवाय वकिलाकडे जाणं म्हणजे पासाशिवाय गाडीत चढणं.

पत्राचं उत्तर नको. कागद पाठव.

सविता

२४ नोव्हेंबर २०२४

प्रशील,

कागद मिळाला. पाकिटात चिठ्ठी नव्हती. पत्ता मात्र नीट लिहिला होतास, पिनकोडसकट. तेच अक्षर.

कागद उघडला आणि पहिल्यांदा अक्षराचाच राग आला. तेव्हा शिंदखेड्याच्या घरात वीस माणसं, पण ज्याचं अक्षर चांगलं त्याने फारकत लिहायची हा आपल्याकडचा रिवाज, आणि तू नुकताच रेल्वेत लागलेला, शिकलेला. पंच सांगत गेले, तू लिहीत गेलास. स्टँपपेपर, पंचांच्या सह्या, दुसऱ्या दिवशी धुळ्याला नोटरीचा शिक्का. आपल्याला सगळ्यांना वाटलं, झालं, सुटलो. इतकी वर्षं एसटी डेपोच्या कागदपत्रांवर मी स्वतःला 'घटस्फोटित' लिहीत आले.

निवडणुकीच्या ड्युटीत आठवडा गेला. मतदान यंत्रं आणि मास्तर लोक गावोगाव सोडत फिरलो. मधल्या सुट्टीत वकील पाहिले, दोन.

पहिला धुळ्याचा. लग्न शिंदखेड्याचं, कागद तिकडचा, नवरा तिकडचा, मग वकीलही तिकडचाच लागत असेल, अशी माझी समजूत. आमच्या एका ड्रायव्हरने नाव दिलं. त्याने फारकतीच्या कागदाची घडीसुद्धा उलगडली नाही. म्हणाला, आधी छळाची केस टाकू, सासूचं नाव पहिलं घालू, मग बघा कसे पळत येतात. म्हटलं, साहेब, सासू सहा वर्षांपूर्वी वारली. तर म्हणाला, मग नणंद आहे ना? माझी एक नणंद होती. तिने मला त्या घरात दोन वेळा पोटभर जेवायला घातलं, तेही चोरून. तिला केसमध्ये घालू? उठून आले.

दुसरा जळगावचा, मोठ्या पाटीचा. हाताखाली तीन ज्युनियर, दारात चपलांचा ढीग. माझ्या वाट्याला दहा मिनिटं आली, त्यातली सहा त्याच्या फोनने खाल्ली. शेवटी मान हलवून म्हणाला, शंभर टक्के जिंकू. मी विचारलं, कशावरून? त्याला राग आला. बस कधी सुटणार असं विचारल्यावर, घड्याळ न बघता 'आत्ता पाच मिनिटांत' म्हणणारा माणूस मी रोज पाहते. तो मीच असते. त्यामुळे ओळखता येतो.

भाविकाला अजून काही सांगितलेलं नाही. तिने नोटिशीचं पाकीट पाहिलं. विचारलं नाही, म्हणजे कळलं आहे.

सविता

८ डिसेंबर २०२४

प्रशील,

सहा डिसेंबरला तू नक्की मुंबईच्या गाडीवर असणार. आमच्याही गाड्या जळगाव स्टेशनपर्यंत खच्चून भरल्या होत्या. निळे झेंडे, लहान पोरं, भाकरीची गाठोडी. प्रत्येक वर्षी वाटतं तू इंजिनातून दिसशील.

वकील सापडली. कशी सापडली ते सांगते, कारण मला स्वतःचंच कौतुक वाटलं आहे आणि इथे ऐकायला कोणी नाही.

माझी गाडी जळगाव-धुळे. पारोळा, एरंडोल, दोन्हीकडच्या कोर्टांची माणसं त्याच गाडीने येतात-जातात. कोर्टाची माणसं मला लांबून ओळखू येतात. पिशवीत फाईल, फाईलवर रबर, आणि परतीला बोलायला कोणीतरी हवं असतं. आजवर मी तिकीट फाडून पुढे जायचे. आता थांबायला लागले. बायकांना विचारायचे, मावशी, तुमचा वकील कोण? पण लवकरच कळलं की हा प्रश्नच चुकीचा आहे. जिंकलेली बाई वकिलाला देव म्हणते आणि हरलेली शिव्या घालते. मग प्रश्न बदलला. आज तुमचा वकील स्वतः उभा राहिला का? तारीख पुढे गेली तर ते तुम्हाला घरून निघण्याआधी कळवलं का? तुमचा कागद तुम्हाला वाचून दाखवला का? दोन आठवड्यांत चाळीसएक बायकांना विचारलं. एरंडोलच्या थांब्यावर ड्रायव्हर ओरडायचा, बाई घंटी द्या!

शेवंताबाई म्हणून एक बाई, फागण्याला माहेरी राहतात. पोटगीची केस जळगावला हरून परत चालल्या होत्या. त्यांना विचारलं. डोळे पुसत म्हणाल्या, "हारनू मी बाई. पन वकीलनबाईनी माले एक दिन खोटं सांगं नही. पहिलाच दिन सांगेल व्हतं, तुना कागद कच्चा शे." मी दोनदा विचारलं, हरलात तरी तिच्याकडे परत जाल? म्हणाल्या, "तिनाकडेच जासू. दुसरा कोन शे?"

मी एका तिकिटाच्या पाठीमागे नाव लिहून घेतलं. ॲड. मोहिनी भिरूड. कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, लाकडी जिना.

पन्नाशीची बाई. लेवा पाटलांची, यावलकडची. टेबलावर फाईल आणि भरताची वांगी एकत्र, कोणीतरी पक्षकाराने शेतातली आणलेली. आधी रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, सही घेतली. मग तुझा कागद घेतला आणि वाचला, दोनदा. मग उलटा करून मागची बाजूही वाचली. मागे फक्त स्टँपविक्रेत्याचा शिक्का होता, तोही वाचला. तेव्हाच ठरवलं, हीच.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. या कागदाने घटस्फोट झालेलाच नाही. आपल्याला हिंदू विवाह कायदा लागू आहे आणि त्यात कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटका नाही. आपल्यात असं चालतं म्हणून भागत नाही, तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि नोटरी म्हणजे काही न्यायाधीश नव्हे. म्हणजे प्रशील, मी आजच्या तारखेला रविंद्रची बायको आहे! त्याने दुसरा संसार मांडला, त्याला दोन पोरं झाली, मी 'घटस्फोटित' लिहीत बसले, आणि सगळं त्या एका कागदावर. मला आधी हसूच आलं.

पण आधी मुलगी, असं त्या म्हणाल्या. तिच्या ताब्याचा अर्ज आधी, घटस्फोटाचा दुसरा. आणि दोन्ही जळगावला. तुम्ही इथे राहता, मुलगी इथे शिकते, मग केस इथे चालेल, त्यांना येऊ द्या. हे मला फार आवडलं. आता तिकीट त्यांनी काढायचं.

वकीलपत्र तेवढं राहिलं. एक पान असतं, त्यावर आपण सही केली की ती आपली वकील. पण त्यावर लावायचं कोर्टाचं तिकीट त्यांच्याकडे संपलं होतं. पुढच्या रविवारी बोलावलं आहे.

सविता

१६ डिसेंबर २०२४

प्रशील,

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. तिकीट संपलं नव्हतं. तिकिटांची अख्खी शीट त्यांच्या टेबलावर होती.

काय झालं ते आता सांगते. वकीलपत्र माझ्यापुढे ठेवण्याआधी भिरूडबाईंनी फारकतीवर बोट ठेवून विचारलं, ही सही तुमची? मी म्हटलं, हो. पटकन म्हटलं. त्यांनी रजिस्टर ओढलं, मी दहा मिनिटांपूर्वी केलेली सही फारकतीशेजारी ठेवली आणि बघत राहिल्या. तुला माहीत आहे माझी सही कशी आहे. वर चढत जाते, शेवटची अक्षरं छपराला टेकतात. कागदावरची सही रुळासारखी सरळ आहे. मग वकीलपत्र उचललं, फाईलमध्ये परत ठेवलं आणि म्हणाल्या, आज राहू द्या. पुढच्या रविवारी या, आणि येताना विचार करून या.

तो सगळा आठवडा मी लोकांना सुट्टे चुकीचे दिले.

काल गेले. म्हणाल्या, "सविताताई, उद्या समोरच्या वकिलाने हेच दोन कागद शेजारी ठेवले तर मला तिथे कळायला नको. आत्ता कळू द्या." मग मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण सांगितलं, आणि तुलाही लिहून काढते, कारण आपण दोघं त्या खोलीत होतो तरी यावर कधी बोललो नाही.

बायका स्वयंपाकघरात, पुरुष ओट्यावर. कागद आत सहीला आला. मी वाचला. चार नंबरचं कलम वाचलं आणि पेन चुलीत टाकला. म्हटलं, मला मारलं ते लिहू नका, चालेल, सगळा दोष माझ्यावर घाला, तेही चालेल, पण पोरगी मी लिहून देणार नाही. तू दारात होतास. बाहेरून कोणीतरी ओरडलं की सही नाही तर आज पोरगी इथेच राहील, आई एकटी जाऊ दे. भाविका साडेतीन वर्षांची, माझ्या पदराला धरून. तू कागद उचललास आणि पलीकडच्या खोलीत गेलास. परत आलास आणि ओट्यावर जाऊन म्हणालास, अक्कानी सही करी दिधी. मग तू एका हाताने भाविकाला उचललंस, दुसऱ्या हाताने मला ओढलंस आणि पाचची गाडी धरलीस. गाडीत मी विचारलं नाही. तू खिडकीबाहेर बघत होतास, तुझा चेहरा पाहूनच मला कळलं.

आणि तीन वर्षांपूर्वी, आबा गेल्यानंतरच्या जलदानविधीच्या दिवशी, विहारात भरल्या माणसांत मी म्हटलं, या माझ्या भावाने माझी पोर लिहून दिली. तू घरी जाऊन फोन ब्लॉक केलास. मी जे बोलले ते खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं हे की तू सही केली नसतीस तर ती मला त्या घरातून मिळालीच नसती. ते मी तेव्हा बोलले नाही, कारण राग मोठा होता. माफ कर म्हणते. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

भिरूडबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, सही कोणाचीही असो, पोरगी काही वस्तू नाही कागदावर लिहून द्यायला, कोर्ट मुलीचं भलं पाहतं. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, मग सही माझीच म्हणू द्या ना. भाऊ रेल्वेत आहे, लोको पायलट. त्याने सही केली असं निघालं तर त्याची नोकरी जाईल. त्यांनी चष्मा काढला. "शपथेवर म्हणाल? न्यायाधीश विचारतील, बाई, तेव्हा राजीखुशीने कबूल केलं होतं, मग आता काय बदललं? तेव्हा काय सांगाल?"

काहीच बदललेलं नाही. मी तेव्हाही नाहीच म्हणाले होते. फक्त ते कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून मी ठरवलं आहे. शपथपत्रात लिहिणार की ही सही माझी नाही. कोणाची ते आपण होऊन लिहिणार नाही. पण कोणी समोर उभं करून विचारलं तर शपथेवर खोटं बोलणार नाही. तुला न सांगता करता आलं असतं. तसं केलं नाही, कारण तूही मला न विचारता एकदा माझ्या नावाने सही केली होतीस, आणि ते काय असतं ते मला माहीत आहे.

भिरूडबाई म्हणाल्या, मी तुमची वकील, तुमच्या भावाची नाही. त्याने काय करावं ते मी सांगू शकत नाही, सांगायचंही नाही. त्याला स्वतःचा वकील करायला सांगा.

तर सांगते. स्वतःचा वकील कर. भुसावळमध्ये बघ, तुझ्या रनिंग रूममध्ये, ड्युटीवरून उतरलेल्या ड्रायव्हर लोकांत, विचार. शंभर टक्के म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस. कागद उलटा करून मागची बाजू वाचतो का ते बघ. तो तुला घाबरवतो का, की घाबरण्यासारखं काय आहे तेवढंच सांगतो, ते बघ. आणि त्याला पहिल्याच दिवशी खरं सांग. नाहीतर माझ्यासारखा आठवडा वाया जाईल.

सविता

१२ जानेवारी २०२५

प्रशील,

उत्तर नाही. ठीक. पहिल्या पत्रात मीच नको म्हटलं होतं, आता कोणत्या तोंडाने मागू?

वकीलपत्रावर सही झाली. माझीच, चढाची. भिरूडबाईंनी तिकडे बघून फक्त "हं" म्हटलं. फीसुद्धा टप्प्याटप्प्याने चालेल म्हणाल्या, त्याबद्दल तुला काळजी नको. ताब्याचा अर्ज दाखल झाला. समन्स शिंदखेड्याला पोचलं, आणि आधारनाना थेट माझ्या दारात.

एकटेच आले, बसने, गुडघे दुखत असताना. मी पाणी दिलं, चहा दिला. नाना म्हणाले, "कागद करेल शे बेटा. बठ्ठासन्या सह्या शेतस. पंचना सबद मोडशी का?" मी विचारलं, नाना, त्या दिवशी मी चुलीशी काय म्हणाले ते बाहेर ऐकू आलं होतं का? नानांच्या बशीतला चहा निवला. मग म्हणाले, "ऐकू उनं व्हतं." बस, एवढंच. कोर्टात येऊन हे सांगाल का विचारलं तर हात जोडले. मी जास्त ताणलं नाही. स्टँडपर्यंत सोडायला गेले, खिडकीजवळची जागा बघून दिली.

भाविकाला सगळं सांगितलं. तुझ्या सहीचंही. तिने अर्धा तास गणिताचं पुस्तक उघडं ठेवून एक पान उलटलं नाही. मग म्हणाली, म्हणजे मामाने मला पळवून आणलं. मी म्हटलं, हो, तसंच म्हणायचं. तिला दहावीनंतर इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा आहे. का विचारलं तर म्हणते, लोको पायलटला चालतो. तुझ्याशी ती शेवटची बोलली तेव्हा अकरा वर्षांची होती. तू तिला काय सांगून ठेवलं होतंस ते तूच जाणे.

सविता

१६ फेब्रुवारी २०२५

प्रशील,

शुक्रवारपासून भाविकाचे पेपर. त्यामुळे थोडक्यात.

रविंद्रच्या वकिलाने उत्तर दिलं. बाईने पूर्ण वाचून, समजून, राजीखुशीने सही केली, आता पोरगी कमावती होईल म्हणून फिरली, असं. सोबत फारकतीची त्यांची मूळ प्रत. आमच्या शपथपत्रात, सही माझी नाही. म्हणजे आता दोन्ही कागद शेजारी शेजारी कोर्टात आहेत, आणि मधे तू.

तारीख २४ मार्च, सोमवार. त्या दिवशी न्यायाधीश भाविकाशी स्वतः बोलणार आणि तात्पुरता हुकूम देणार. पेपर १७ तारखेला संपतात. ३१ ला रविंद्र गाडी घेऊन येणार, असं त्याने शेजाऱ्यांमार्फत कळवलं आहे.

मला भीती वाटते. हे फक्त तुलाच लिहिते आहे. डेपोत सगळ्यांना वाटतं सविताबाई कोणाला भीत नाही. भाविकालाही तसंच वाटतं आणि तसंच वाटू द्यायचं आहे. पण पहाटे डबा करताना हात थांबतो आणि वाटतं, न्यायाधीशांनी म्हटलं, सही तुमची नाही तर मग कोणाची, मी काय करू? तुझं नाव घेतलं तर तुला घालवते. नाही घेतलं तर कदाचित हिला. आणि हे ठरवायचं माझ्यावरच का येतं?

तरी जाणार आहे. चोवीसला सकाळी दहा वाजता, नव्या साडीत, पायात चप्पल नाही, बूट. बुटांत उभं राहता येतं.

सविता

२६ मार्च २०२५

प्रशील,

फोन आता लागतो तुझा. काल रात्रीपासून तीनदा बोललो. तरी हे लिहिते, कारण काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत आणि तुला ऐकता येत नाहीत. तू लगेच "जाऊ दे अक्का" म्हणतोस.

सोमवारी तू मला दिसलास तेव्हा मी जिन्यावर होते. आधी वाटलं कोणीतरी तुझ्यासारखा. डोक्यावरचे केस किती कमी झाले तुझे! शेजारी तो बारका, काळ्या कोटाचा पोरसवदा वकील. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, सरळ भिरूडबाईंकडे गेलास आणि म्हणालास, माझं शपथपत्र द्यायचं आहे. तुझ्या वकिलाने तुला दोनदा अडवलं म्हणे, यात स्वतःलाच अडकवून घेताय, असं समजावलं. भिरूडबाईंनी त्याला विचारलं, तुम्ही यांना सगळे धोके सांगितलेत ना? तो म्हणाला, हो मॅडम, लेखी दिलेत. त्या म्हणाल्या, चांगला वकील केलात. मला मनातून बरं वाटलं. तू पत्रं वाचत होतास.

आत काय झालं ते तू पाहिलंस. रविंद्रचा वकील शपथपत्र वाचून खाली बसला, तो बराच वेळ उठला नाही. न्यायाधीश भाविकाला आपल्या दालनात घेऊन गेल्या, वीस मिनिटं. ती काय बोलली ते मला अजून सांगत नाही. बाहेर येताना तुझ्याजवळ थांबून काहीतरी म्हणाली, तेही मला माहीत नाही. तुम्ही दोघं मामा-भाची काय ते बघून घ्या.

हुकमाची नक्कल आज मिळाली. अंतिम निकाल होईपर्यंत मुलगी आईकडेच राहील, वडिलांनी तिला न्यायालयाच्या परवानगीशिवाय नेऊ नये, तिच्या लग्नाची कोणतीही बोलणी करू नयेत. ३१ तारखेला गाडी आली तर दारात ही नक्कल दाखवायची आणि पोलिसांना फोन करायचा, असं भिरूडबाईंनी लिहूनच दिलं आहे. घटस्फोटाचा अर्ज पुढच्या आठवड्यात. केस अजून लांब चालेल. त्यांनी तेही लपवलं नाही.

तुझ्या नोकरीचं काय होईल ते त्यांना ठाऊक नाही, तुझ्या वकिलाला नाही, तुलाही नाही. काल फोनवर तू म्हणालास, बघू. मी तुला सांगते, चौकशी लागली तर त्या दिवशी मी रजा टाकून तिथे असेन, आणि तू सही कशासाठी केलीस ते शपथेवर सांगेन. सगळं सांगेन, दोन्ही अर्धी. विहारातसुद्धा बोलायचं आहे. जिथे म्हटलं तिथेच परत म्हणेन. पुढच्या पौर्णिमेला ये, तुझ्यासमोर म्हणायचं आहे. घरी भरीत करते. वांग्यांचा हंगाम सरत आला, पण भिरूडबाईंच्या एका पक्षकाराकडून मिळतील.

तुझं शपथपत्र टाईप केलेलं नव्हतं. तुझ्या वकिलाने टाईप करूया म्हटलं आणि तू ऐकलं नाहीस, असं तो मला सांगत होता. तीन पानं, हाताने, तेच अक्षर. मी नक्कल काढून घेतली आहे आणि फारकतीच्या कागदावर पिन लावून ठेवली आहे. कालपासून दुसरं पान किती वेळा वाचलं असेल! भाविका म्हणते, पाठ झालं असेल आई, आता ठेव. पाठ झालंच आहे. तरी कागदावर वाचायचं असतं.

"सदर कागदावर सही करण्यास माझ्या बहिणीने नकार दिला होता. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत नाही म्हणाली. मी ऐकलं होतं."

तुझी
अक्का